तजस्सुस : एका कादंबरीचे दुसरे वाचन

एखादे पुस्तक मनापासून आवडले की ते पुन्हा वाचायला घेऊ नये, असे आमचे एक ज्येष्ठ स्नेही नेहमी म्हणत. दुसऱ्या वाचनात दोष दिसू लागतात आणि जपून ठेवलेली आवड उगाच खर्ची पडते, असा त्यांचा अनुभव होता. त्यांचा सल्ला आम्ही बरीच वर्षे पाळला. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मात्र तो मोडला आणि मेरी ब्रेनन या अमेरिकन लेखिकेची ‘ए नॅचरल हिस्टरी ऑफ ड्रॅगन्स’ ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचली. दोष दिसले, हे कबूल केले पाहिजे. त्यांतले काही पुस्तकाचे होते, काही नायिकेचे होते, आणि काही आमचे, म्हणजे वाचणाऱ्यांचे होते. या तिसऱ्या प्रकारच्या दोषांमुळेच हा लेख लिहावासा वाटला.

ही कादंबरी 2013 साली प्रसिद्ध झाली. पुढे तिचे आणखी चार भाग आले आणि 2017 मध्ये मालिका पूर्ण झाली. ब्रेनन यांनी मानववंशशास्त्र आणि लोकसाहित्य यांचा अभ्यास केलेला आहे. अद्भुतरम्य कादंबरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जादूगार, मंत्र, तलवारी आणि तिलिस्म उभे राहतात. दास्तानांवर वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकांच्या तर लगेचच. या कादंबरीत यांतले काहीच नाही. तिच्यातले अद्भुत एवढेच, की त्या जगात ड्रॅगन आहेत. तेही शाप देणारे किंवा खजिन्यावर बसणारे नव्हेत. वाघ, मगर, गिधाड यांच्यासारखेच हाडामांसाचे, भूक लागणारे, पिले घालणारे आणि एक दिवस मरून जाणारे प्राणी आहेत. त्यांचा शास्त्रीय अभ्यास करणारी इझाबेला ही या कादंबरीची नायिका. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडसारख्या एका कल्पित देशात, स्किरलंडमध्ये, ती एका प्रतिष्ठित घराण्यात जन्माला येते. त्या देशात विद्वानांची एक मोठी सभा आहे आणि त्या सभेत स्त्रियांना प्रवेश नाही. म्हातारपणी, ‘लेडी ट्रेंट’ म्हणून नाव मिळवल्यावर, ती आपल्या आठवणी लिहायला बसते. कादंबरी म्हणजे या आठवणींचा पहिला खंड आहे.

कथा थोडक्यात सांगतो. लहानपणापासून इझाबेलाला पंख असलेल्या प्राण्यांचे वेड आहे. वडिलांच्या ग्रंथालयात सर रिचर्ड एजवर्थ यांचा ड्रॅगनांवरचा ग्रंथ आहे, तो ती वाचून काढते. चौदाव्या वर्षी मुलाचा वेश करून ती शिकारीला जाते, ते प्रकरण अंगाशी येते आणि मग सगळे बंद होते. लग्नाच्या वयाची झाली तेव्हा तिचे वडील एक शहाणपणाची गोष्ट करतात. ज्या उपवर पुरुषांच्या ग्रंथालयात एजवर्थांचा तोच ग्रंथ आहे, त्यांच्या नावांची यादी काढून ते मुलीच्या हाती देतात. जेकब कॅमहर्स्ट तिला राजाच्या प्राणिसंग्रहालयात भेटतो आणि दोघांचे लग्न होते. पुढे लॉर्ड हिलफर्ड यांच्या मोहिमेबरोबर पतिपत्नी व्हिस्त्राना नावाच्या डोंगराळ मुलुखात जातात. तिथले ड्रॅगन अचानक माणसांवर हल्ले करू लागलेले असतात. त्याचे कारण शोधता शोधता तस्करी, जमीनदाराचे कारस्थान आणि हाडांचा एक गुपित व्यवहार उघडकीस येतो. मोहिमेच्या अखेरीस जेकब मारला जातो आणि इझाबेला विधवा होऊन घरी परतते.

पहिल्या वाचनात आम्हाला आवडली ती तिची हिंमत. घरच्यांच्या विरोधात जाऊन शिकणारी मुलगी कोणाला आवडत नाही? शिक्षकाच्या पेशात असलेल्या माणसाला तर ती फारच आवडते. आपल्या वर्गातही अशी एखादी निघावी, असे त्याला वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते. दुसऱ्या वाचनात पहिल्याच प्रकरणाने आम्हाला अडवले.

प्रसंग लहानसा आहे. बागेत उडणारा ‘स्पार्कलिंग’ नावाचा एक चिमुकला जीव असतो. तो मेला की थोड्याच वेळात त्याची राख होते. सात वर्षांच्या इझाबेलाला तो बाकावर मेलेला सापडतो. ती धावत आईला दाखवायला जाते, पण आईपर्यंत पोहोचेपर्यंत हातात बहुतेक राखच उरलेली असते. आई नाक मुरडते आणि तिला हात धुवायला पाठवते. पुढे घरातली स्वयंपाकीण तिला उपाय सांगते, की सिरक्यात घालून ठेवला तर स्पार्कलिंग टिकतो. विद्वानांच्या सभेला जे सांगायचे सुचले नसते ते लोणची घालणाऱ्या बाईला ठाऊक असते! सिरक्यातल्या त्या हिरव्या जिवाला इझाबेला नाव ठेवते आणि आपल्या खोलीत जपून ठेवते. तिच्या शास्त्राची ही सुरुवात.

पहिल्यांदा वाचताना आम्ही त्या आईला हसलो होतो. दुसऱ्यांदा हसू आले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीने कंपासपेटीत पालीची दोन अंडी आणली होती. त्यांतले एक फुटून उर्दूच्या पुस्तकाला लागले होते. आत काय आहे ते पाहायचे होते, असे ती म्हणाली. तास व्याकरणाचा चालू होता. “शी, फेक ते आधी, आणि जा, हात धुऊन ये,” असे आम्ही म्हणालो. वर्ग हसला. ती गेली, हात धुऊन आली आणि आपल्या जागेवर बसली. आम्ही पुढचा शब्द फळ्यावर लिहिला. कादंबरीतल्या आईचे आणि आमचे शब्द इतके जुळावेत, याचा धक्का आम्हाला दुसऱ्या वाचनात बसला. आपण इझाबेलाच्या बाजूने आहोत असे समजून आम्ही पुस्तक वाचत होतो. प्रत्यक्षात आमची जागा दुसरीकडेच होती.

इथे एका उर्दू शब्दाबद्दल लिहिले पाहिजे. आम्ही तो शब्द दरवर्षी वर्गात शिकवतो. तो आहे तजस्सुस. मराठीत त्याला ‘जिज्ञासा’ही म्हणता येईल आणि ‘टेहळणी’ही. उर्दूत एकाच शब्दात दोन्ही छटा आहेत. सूरे हुजुरातच्या बाराव्या आयतीत तजस्सुस मना केलेला आहे. तिथे अर्थ स्पष्ट आहे : लोकांच्या खासगी गोष्टी उकरू नका, त्यांची ऐब शोधत फिरू नका. आणि निसर्गाकडे पाहण्याबद्दल? सूरे गाशियामध्ये उंटाकडे पाहायला सांगितले आहे, तो कसा घडवला आहे याचा विचार करायला सांगितले आहे. आकाश, डोंगर आणि जमीन यांच्याकडेही पाहायला सांगितले आहे. म्हणजे माणसांच्या ऐबांविषयीची जिज्ञासा निषिद्ध आणि निर्मितीविषयीची जिज्ञासा इष्ट. आपल्या मोहल्ल्यांत काय चालते? मुलगी कुठे गेली, कोणाशी बोलली, फोनवर किती वेळ होती, याचा तजस्सुस बिनदिक्कत चालतो. आणि त्या मुलीने अंड्यात काय आहे असे विचारले तर तिला हात धुवायला पाठवले जाते. जे मना आहे ते आपण करतो आणि जे करायला सांगितले आहे ते तिला करू देत नाही. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिज यांनी ‘किताबुल हयवान’ हा प्राण्यांवरचा सात खंडांचा ग्रंथ लिहिला, याचा अभिमान आपण भाषणांत सांगतो. अल-जाहिज यांनाही कोणी दर वेळी हात धुवायला पाठवले असते तर सात खंड झाले असते का?

आता नायिकेच्या दोषांकडे येऊ. पहिल्या वाचनात ते आम्ही नजरेआड केले होते, किंवा कौतुकाच्या भरात तेही गुणच समजून घेतले होते. पण इझाबेला निर्दोष नाही, मुळीच नाही. ती हट्टी आहे, उतावळी आहे आणि आपल्या वर्गाचा अहंकार तिच्या बोलण्यात पावलोपावली दिसतो. व्हिस्त्रानातल्या द्रुस्तानेव गावात ती पाहुणी म्हणून राहते, पण त्या माणसांची भाषा तिला धड येत नाही आणि त्यांच्या भीतीला ती अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारते. रात्री एकटी बाहेर पडते आणि तस्करांच्या हाती सापडते. मोहिमेतला टॉम विल्कर गरीब घरातून स्वतःच्या हिमतीवर वर आलेला आहे. त्याला तिचा राग का येतो, हे समजायला तिला फार वेळ लागतो. तिला स्त्री म्हणून दरवाजे बंद असतात हे खरे, पण पैसा आणि घराणे यांनी जे दरवाजे उघडले ते विल्करसाठी कधीच उघडे नव्हते. हे लेखिकेने फार नेमके दाखवले आहे.

सर्वांत अवघड प्रसंग ड्रॅगनाच्या शिकारीचा आहे. ज्या प्राण्यावर तिचे इतके प्रेम आहे, त्याला अभ्यासासाठी गोळी घातली जाते. पुरुष मोजमापे घेतात, इझाबेला चित्रे काढते. ड्रॅगनाची हाडे मृत्यूनंतर झपाट्याने ठिसूळ होतात, म्हणून सगळे घाईने चालते. पुढे कळते, की ड्रॅगन आपल्या मेलेल्या सोबत्यांना असेच टाकून देत नाहीत. ते त्यांना एका गुहेत नेतात. त्यांचे मृतदेह पळवले जात होते म्हणून ते चवताळले होते. आपण ज्याला नमुना समजून कापले त्याच्यासाठी शोक करणारे कोणी होते, हे इझाबेलाला कापल्यानंतर कळते. ज्ञान मिळते, पण ते उशिरा मिळते आणि त्याची किंमत दुसऱ्याने आधीच दिलेली असते.

किंमत देणाऱ्यांत दाग्मिराही आहे. ही द्रुस्तानेवची मुलगी इझाबेलाकडे कामाला असते. फटकळ आहे, पाहुण्यांपुढे वाकत नाही. पहिल्या वाचनात ती आम्हाला विनोदासाठी घातलेले पात्र वाटली होती. या वेळी तिचा राग समजला. पाहुणे आज ना उद्या गाडीत बसून निघून जाणार. ड्रॅगन, जमीनदार आणि कडाक्याची थंडी यांच्याबरोबर गावकऱ्यांनाच राहायचे आहे. आपल्याकडेही पाहणीसाठी लोक येतात, वस्तीत चार दिवस फिरतात, आपल्या बायकांना प्रश्न विचारतात, वह्या भरतात आणि जातात. आपण कादंबरी वाचताना इझाबेलाच्या खांद्यावरून पाहतो, पण आपल्यापैकी बहुतेकांची वस्ती द्रुस्तानेवसारखी आहे. मुस्लिम वाचकाने हे पुस्तक वाचताना दोन्ही ठिकाणी उभे राहून पाहिले पाहिजे, असे आमचे मत झाले आहे.

आणि जेकब? मोहिमेला जाण्याची कल्पना त्याच्या डोक्यात इझाबेलानेच घातलेली असते. एक मूल जन्माआधीच गमावल्यावर ती खचून गेली होती. त्या दुःखातून बाहेर पडण्याची वाट तिला ड्रॅगनांकडे दिसली. आपण हा हट्ट धरला नसता तर नवरा जिवंत राहिला असता, हा काटा तिच्या मनातून जात नाही. दुसऱ्या भागात ती लहान मुलाला मागे ठेवून पुन्हा मोहिमेवर निघते तेव्हा समाज तिला नावे ठेवतो. वाचणाऱ्यालाही ते सहज पचत नाही. लेखिका तिचा बचाव करायला धावून येत नाही, हे तिचे मोठेपण.

मग अशी नायिका आवडावी का? कादंबरीने याचे उत्तर निवेदनाच्या रचनेतच ठेवले आहे. सांगणारी इझाबेला म्हातारी आहे. तरुणपणी आपण व्हिस्त्रानाविषयी लिहिलेले प्रवासवर्णन उथळ होते, त्यातली तिथल्या लोकांविषयीची मते लाज वाटावी अशी होती, हे ती स्वतः सांगते. चुका लपवत नाही, रडून क्षमाही मागत नाही. शास्त्रज्ञ जसा आपला जुना निष्कर्ष नवीन पुराव्यानंतर दुरुस्त करतो, तशी ती आपल्याच आयुष्याची दुरुस्ती करते. ही सगळी कादंबरीच एका बाईने आपल्या तरुणपणाचे केलेले पुनर्वाचन आहे. म्हणूनच ती दुसऱ्या वाचनात जास्त उघडते.

इथे आपल्याला रुकय्या सखावत हुसेन यांची आठवण होणे साहजिक आहे. 1905 साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या देशात पुरुष मर्दान्यात बसतात आणि स्त्रिया विद्यापीठे चालवतात. एका विद्यापीठातल्या स्त्रिया ढगांतून पाणी घेतात, दुसऱ्या विद्यापीठातल्या सूर्याची उष्णता साठवतात आणि त्याच उष्णतेने शत्रूचे सैन्य पळवून लावतात. एका मुस्लिम स्त्रीने त्या काळात हे स्वप्न पाहिले, याचे मोल कमी होणार नाही. पण त्या कथेतल्या शास्त्रज्ञ स्त्रियांच्या हातून एकही चूक होत नाही. त्यांचा कोणताही प्रयोग फसत नाही. 1905 साली ते तसेच असणे आवश्यक होते. मुलींना मुळाक्षरे शिकवावीत की नाही यावर जिथे वाद चालू होता, तिथे चुकणारी शास्त्रज्ञ दाखवली असती तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळाले असते. रुकय्यांच्या स्वप्नानंतर शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत. आता चुकणाऱ्या शास्त्रज्ञ स्त्रीचीही गोष्ट आपल्याला वाचता आली पाहिजे.

कारण निर्दोष असण्याची अट ही प्रवेश नाकारण्याचीच एक सभ्य रीत आहे. 1933 साली मुंबईच्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी नाकारले. त्या हटल्या नाहीत तेव्हा अटींवर घेतले : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, काम समाधानकारक वाटले तरच पुढे, आणि तुमच्यामुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. कमलाबाई कसोटीला उतरल्या, 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, आणि त्यांच्यानंतर तिथे मुलींना वाट मिळाली. पण त्या वर्षभरात त्यांचा एखादा प्रयोग फसला असता तर? सगळ्याच मुलींवर शिक्का बसला असता. मुलगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो. आपल्याकडे मुलगी घसरली तर “पाहा, म्हणून आम्ही शिकवत नव्हतो” असे म्हणून तिच्या मागच्या चार बहिणींचे नाव शाळेतून काढले जाते. शिक्षक म्हणून हे आम्ही पाहिलेले आहे. आणि या भीतीने आम्ही शिक्षकच मुलींना जास्त सांभाळून, जास्त दाबून वागवतो, हेही खरे आहे. त्यांनी शाळेचे आणि समाजाचे नाव राखावे म्हणून आपण त्यांना चुकूच देत नाही. चुकल्याशिवाय शास्त्र कसे शिकणार, हा प्रश्न मात्र विचारत नाही.

कादंबरीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सुरुवातीची प्रकरणे रेंगाळतात. ड्रॅगनांच्या आशेने पुस्तक घेणाऱ्याला त्यांची भेट फार उशिरा होते. तस्करांचा प्रसंग योगायोगावर उभा आहे. चौथ्या भागात, 2016 मध्ये आलेल्या ‘इन द लॅबिरिन्थ ऑफ ड्रेक्स’मध्ये, कथा अखिया नावाच्या अरबस्तानासारख्या वाळवंटी देशात जाते. तिथला सुहैल हा अभ्यासू पुरातत्त्वज्ञ आहे. तंबूतला रंगेल शेख आपल्याला भेटत नाही, हे समाधानाचे. तरीही तो देश आपल्याला दिसतो तो बाहेरून आलेल्या बाईच्या नजरेतून, आणि तिच्या सरकारचा तिथला रस सैन्यासाठी ड्रॅगनांची पैदास करण्यात आहे. लेखिकेला याची जाणीव आहे आणि नायिकेलाही हळूहळू होते. पण अखियातल्या एखाद्या मुलीला ड्रॅगनांविषयी काय वाटते, तिने एखाद्या बरणीत काय जपून ठेवले असेल, हे कळत नाही. ती कादंबरी आपल्यापैकी कोणीतरी लिहावी. दखनी मिसळलेल्या मराठीत ती फार चांगली उतरेल.

एवढे असूनही हे पुस्तक आम्ही आमच्या सहकाऱ्यांना वाचायला देत आहोत. इंग्रजी फार अवघड नाही. ते वाचून वर्गातल्या मुलींना धाडसाचे धडे देण्याआधी शिक्षकांनी पहिले प्रकरण दोनदा वाचावे, एवढीच विनंती. मुलीला चुकण्याची मोकळीक द्यायची, आणि तिच्या चुकीची किंमत कोण देतो हेही तिला पाहायला शिकवायचे. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा करायच्या, हे बी.एड.च्या अभ्यासक्रमात आम्हाला कोणी शिकवले नव्हते. म्हातारी इझाबेला ते थोडेफार शिकवते.

पालीची अंडी आणणारी ती मुलगी नंतर आमच्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडली. अभ्यासात चांगली होती, वागणुकीबद्दल कधी तक्रार आली नाही. सातवीतल्या त्या दिवसानंतर मात्र तिने वर्गात काही आणले नाही आणि आमच्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. त्या वेळी आम्ही त्याला शिस्त समजलो होतो.